चालून गेलेला दगड

"आधी मोज, मग बोल!"

वीस वर्षांपूर्वी खराडीतल्या माळावरच्या शाळेत विमलाबाईंचा हा आवाज घुमायचा. तेजसच्या बाबांना तो अजून ऐकू यायचा. भिंतीत खिळा ठोकताना, जेसीबीने खड्डा खणताना ते आधी डोळ्यांनी माप घेत आणि स्वतःशीच पुटपुटत, "आधी मोज, मग बोल." ऐकून ऐकून तेजसलाही ते पाठ झालं होतं, जात्यावरची ओवी पाठ होते तसं.

मे महिन्याची सुट्टी लागली होती. सातवीची परीक्षा संपवलेले तेजस, प्रियदर्शनी आणि पूर्वा रोज सकाळी शाळेत जायचे. मैदानाच्या टोकाला कडुनिंबाखाली मुलांची परसबाग होती. पालक, मेथी आणि दोन उंच पपया. पाणी घालायची पाळी या तिघांची.

त्या दिवशी पूर्वा बादली घेऊन पुढे गेली आणि मधेच थबकली.

"अगं, आपली बाग चोरीला गेली!"

"समोर तर दिसतेय," प्रियदर्शनी म्हणाली.

"दिसतेय, पण रेषेच्या पलीकडे!"

खरंच! मैदानावर पांढऱ्या फक्कीची लांबलचक रेषा ओढलेली होती. अलीकडे शाळा. पलीकडे बाग, कडुनिंब आणि निंबाच्या फांदीला टांगलेली शाळेची घंटासुद्धा! शेजारच्या जागेवर आयटी कंपन्यांसाठी काचेची उंच इमारत उभी राहत होती. तिथले इंजिनिअरसाहेब पिवळं हेल्मेट घालून कागद चाळत होते.

"काका, ही रेषा कसली?" पूर्वाने विचारलं.

"कंपाउंडच्या भिंतीची. उद्या दहा वाजता पाया खणणार. झाड जाईल, बाग जाईल. मेथी उपटायची असेल तर आजच उपटा. भाकरीबरोबर छान लागते."

"पण झाड शाळेचं आहे!"

"कोण म्हणतं?"

"घंटा म्हणते," प्रियदर्शनी ठामपणे म्हणाली. "शाळेची घंटा शेजाऱ्याच्या झाडाला कोण टांगेल हो?"

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शाळेला सुट्टी लागली म्हणून अकलेलाही द्यायची नसते, बाळ. हद्द घंटेने नाही, कागदाने ठरते. हा हद्दीचा दगड." निंबाच्या अलीकडे, मैदानात, गुडघाभर उंचीचा एक काळा दगड होता. "आणि हा कागद. दगडापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत शहाण्णव मीटर सरळ हद्द. कळलं?"

"मग भरले का शहाण्णव?" प्रियदर्शनीने विचारलं.

साहेब जरा अडखळले. "एक्याण्णव भरले. जुन्या मोजणीत पाच मीटर इकडेतिकडे चालायचंच."

"आम्हाला पेपरात पाच मार्क इकडेतिकडे चालत नाहीत," पूर्वा म्हणाली.

"खेळायला जा!"

तिघांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मुख्याध्यापिका हेमाबाईंना नागपूरला फोन लावला. त्या माहेरी गेल्या होत्या. "पुरावा शोधा गं," त्या म्हणाल्या. "नुसतं आमचं आमचं म्हणून कोणी ऐकत नाही. आजची गाडी मिळायची नाही, उद्या निघते. परवा सकाळपर्यंत काही पोचत नाही!"

परवा! तोवर निंबाचं सरपण झालं असतं.

उद्याचा खड्डा खणणारा जेसीबी फाटकाशी उभा होता आणि तो चालवणार होते तेजसचे बाबा. तेजस धावतच त्यांच्याकडे गेला.

"बाबा, तुम्ही याच शाळेत होता ना? तो दगड तुमच्या वेळीही तिथेच होता?"

बाबांनी दगडाकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. हातांवरचं ग्रीस फडक्याने बराच वेळ पुसत राहिले.

"आमच्या वेळी विमलाबाई सगळं मोजायला लावायच्या. शाळेचे नकाशे काढून घ्यायच्या. बिबवेवाडीला असतात आता. त्यांच्याकडे असेल एखादा."

"पण दगड..."

"पत्ता लिहून घे. बस चुकेल तुमची."

पीएमटीच्या दोन बस बदलून, उसाच्या रसाचा एक पेला तिघांत वाटून मंडळी बिबवेवाडीला पोचली. विमलाबाई सत्तरीच्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या. दार उघडताच म्हणाल्या, "चपला रांगेत. आधी पाणी, मग विषय."

विषय ऐकून मात्र त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. डांबराच्या गोळ्यांचा वास दरवळला. पिवळा पडलेला एक कार्डशीट त्यांनी हलक्या हाताने जमिनीवर पसरला.

काय सुरेख नकाशा होता! शाळा, ओढा, पूल, कडुनिंब. निंबाच्या पानांनासुद्धा हिरवा रंग. खाली टपोरं अक्षर: संजय रंगराव, इयत्ता सातवी.

"माझे बाबा!" तेजस ओरडलाच. जेसीबीच्या लोखंडी दांड्या ओढणाऱ्या त्या हातांनी ही नाजूक पानं काढली होती?

"माझ्या सगळ्या वर्गात असा हात कोणाचा नव्हता," बाई म्हणाल्या. "ती घंटाही मीच टांगून घेतली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली."

प्रियदर्शनीचं बोट नकाशावर फिरत होतं. ते एकदम थांबलं. "बाई, इथे दगड निंबाच्या पलीकडे आहे! आता तो अलीकडे आहे."

"मग कोण चाललं? निंब की दगड?"

"निंब कसा चालेल? दगडच चालला!"

"कागदावरून बोलताय. जागेवर काय दाखवाल?" बाईंनी डोळे बारीक केले आणि हळूच गुणगुणल्या,

"शेताच्या बांधावरी दगड उभा हाय,
पोटी त्याच्या कोळसा, साक्ष कुजायाची न्हाय."

"माझी आई दळताना म्हणायची. लाकूड पुरलं तर काय होतं?"

"कुजतं," पूर्वा म्हणाली. "आणि कोळसा कुजत नाही! म्हणून जुनी माणसं दगडाखाली कोळसा पुरायची?"

"खणून बघा की. पण खणायचं कुठे, ते आधी..."

"मोज!" तिघं एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजताच कामाला सुरुवात झाली. बुद्धपौर्णिमेच्या मांडवाचा लांब दोर प्रियदर्शनीने विहारातून मागून आणला. नकाशावर दोन मापं होती. निंबापासून दगड आठ मीटर, व्हरांड्याच्या कोपऱ्यापासून अठ्ठावीस.

"तिसरी बाजू निंब ते व्हरांडा, ती जागेवरच आहे. त्रिकोण काढा! कंपासपेटीऐवजी दोर, बाकी तेच," प्रियदर्शनी म्हणाली.

"दोर ताणला की लांब होतो," पूर्वाने बजावलं. "मोजताना ताणलाय, तर धरतानाही ताणूनच धर!"

तेजसने दोराच्या टोकाला काटकी बांधून मातीत एक कंस काढला, मग दुसरा. पण कंस दोन ठिकाणी छेदले! एक उत्तरेला, एक दक्षिणेला.

"आता?"

पूर्वा उगवत्या उन्हाकडे तोंड करून उभी राहिली. "समोर पूर्व. म्हणून डावीकडे उत्तर. नकाशात दगड उत्तरेला आहे. इथे खणा!"

तेवढ्यात साहेब आले. पाठोपाठ रिक्षातून विमलाबाई उतरल्या. "कुठे आहे तो पाच मीटरवाला इंजिनिअर?"

"आजी, ही पोरं..."

"बाई म्हणतात मला."

"बाई, मला काम सुरू करायचंय! संजय, मशीन चालू कर."

बाबा केबिनमधून खाली उतरले. हातात कुदळ होती. "साहेब, मशीनने खालचं सगळं उलटंपालटं होईल. हाताने खणतो. अर्धा तास द्या. हवं तर अर्धा तास मजुरीतून कापा."

कुदळ पडू लागली. वीतभर माती, मग मुरूम. हातभर खाली बाबा गुडघ्यावर बसले आणि बोटांनी माती सारू लागले. फुटक्या खापराचा एक तुकडा निघाला, आणि त्याखाली काळा कुळकुळीत, काल चुलीतून काढल्यासारखा कोळसा!

"कोळसा!" पूर्वाने उडीच मारली.

"कोणाच्या तरी चुलीतला असेल," साहेब म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता.

"मग तुमच्याच टेपने मोजा," प्रियदर्शनी म्हणाली. "या खड्ड्यापासून पुलापर्यंत."

टेप उलगडत गेली. साहेब स्वतः पुलाशी जाऊन वाकले, पुन्हा वाकले.

"किती?" विमलाबाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"शहाण्णव मीटर... चार सेंटीमीटर."

केवढा जल्लोष झाला! पपयाही हलल्या असतील. साहेबांनी परत येऊन बुटाने फक्कीची रेषा स्वतःच पुसायला घेतली. "सरकारी मोजणीदार बोलावतो. तोवर एक वीट रचली जाणार नाही," ते म्हणाले. मग हेल्मेट काढून त्यांनी मुलांकडे पाहिलं. "पाच मीटर चुकत होते तेव्हाच मी थांबायला हवं होतं. कुठल्या क्लासला जाता रे तुम्ही?"

"याच शाळेला," तेजस म्हणाला.

"कमाल आहे! भूमिती कुठे संपली आणि भूगोल कुठे सुरू झाला, मला तर कळलंच नाही."

"ते कळू नये म्हणूनच मैदानात शिकवायचं असतं," विमलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी मुलांकडचा नकाशा घेऊन उंच धरला. "शाबास रे बाळांनो! आणि खरी शाबासकी हा नकाशा काढणाऱ्याला!"

"माझे बाबा!" तेजसने त्यांचा मातीने भरलेला हात धरून वर केला. इमारतीवरचे मजूरसुद्धा टाळ्या वाजवू लागले. पूर्वाने घंटा बडवायला सुरुवात केली. टण्! टण्! टण्!

बाबांनी हात हळूच सोडवून घेतला.

"थांब पूर्वा." घंटा थांबली. त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि ते विमलाबाईंसमोर उभे राहिले, सातवीतल्या मुलासारखे, पाय जुळवून.

"बाई, तुमची बदली झाली त्या उन्हाळ्यात विश्वचषकाचं वेड होतं. आमच्याकडे स्टंप नव्हते. चौघांनी पहारीने तो दगड उपटला आणि मैदानात आणून रोवला. परत ठेवायचं राहूनच गेलं. काल साहेबांनी त्यावरून रेषा ओढली, तेव्हाच बोलायला हवं होतं. पोरासमोर जीभ रेटली नाही." त्यांनी तेजसकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. "वीस वर्षं नुसता मोजतच होतो, बाई. आज बोलतो. तो दगड मी हलवला."