खालून आलेला ठोका

लाकूड आत सरकव रे फकिरा, सगळा धूर माझ्याच तोंडावर येतोय. हां. आता बसा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या सख्ख्या भाच्याची आहे, शफीकची. गुलमंडीत नळाच्या सामानाच्या दुकानासमोर पान्याची पिशवी घेऊन बसलेला असतो, तोच.

"शफीकभाई तर लई फेकतेत, गयासचाचा."

फेकतो. पण ही गोष्ट तो सांगत नाही. कोणी विषय काढला तर उठून जातो. मला एकदाच सांगितली, म्हणून मी ती खरी मानतो.

गेल्या पौषातली अमावस्या होती. संध्याकाळी शफीकचा फोन वाजला. आप्पासाहेब बोलत होते. खुलताबादच्या पुढं म्हैसमाळच्या वाटेवर, गावापासून लांब या कंत्राटदाराचा बंगला आहे. कधीतरी थंड मुलखात फिरून आला आणि तिथल्या घरांचं खूळ डोक्यात घेऊन परतला. आपण पौषात एक गोधडी जास्त घेतो; यानं तळघरात बॉयलर बसवला. बॉयलरचं गरम पाणी पाईपांतून घरभर फिरायचं. प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी फासळ्यांचा पिंजरा, त्याला रेडिएटर म्हणतात. तो तापला की खोली ऊबदार.

"वरच्या खोलीतला वॉल्व्ह गळतोय," आप्पासाहेब म्हणाले. "आत्ता ये. पाणी कढत आहे."

हे सगळं काम बसवलं होतं शफीकनं आणि त्याच्या जोडीदारानं, मुंजाबानं. धनगराचं पोर, पण लोखंडाची समज भारी. एक माणूस वर रेडिएटरशी, दुसरा खाली बॉयलरशी; मध्ये दोन मजले. ओरडून ऐकू येत नाही. तेव्हा या दोघांची पाईपावर पाना मारून बोलायची रीत होती. एक ठोका, बंद कर. दोन ठोके, सोड. काम झालं की खालचा एक ठोका परत देणार. आणि न थांबता ठोके आले, तर जीव जातोय, सगळं टाकून धाव.

मुंजाबा त्याच बंगल्यात मेला. वास्तुशांतीच्या रात्री. शफीक त्या दिवशी दुसऱ्या कामावर सिल्लोडला होता. सकाळी तळघरात मुंजाबा सापडला, वाफेनं उकडलेला. आप्पासाहेबांनी पोलिसांना सांगितलं, पिऊन बॉयलरवर पडला. लिहून घेतलं त्यांनी. गरिबाच्या मरणाला एवढी शाई पुरते.

मुंजाबाची आई म्हाळसाबाई चौकीसमोर बसून ओरडली होती, "माझा पोरगा पिऊन मेला म्हणता? तोंड हुंगलं का कुणी त्याचं?"

कुणी हुंगलं नव्हतं. धाकटा भाऊ बिरू, त्यानं मेंढरं विकली आणि मुंजाबाचा पाना उचलून शफीकच्या हाताखाली लागला. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं. भाऊ कसा मेला.

म्हणून आप्पासाहेबांचा फोन आला त्या रात्री शफीक म्हणाला, "तू राहू दे, मी एकटा जातो," तर हा आधीच मोटारसायकलवर मागं बसलेला.

"मला ती जागा बघायचीय, शफीकभाई."

"बघून काय मिळणार, पगले?"

"म्हातारी रोज इचारती. सांगायला कायतरी पायजे ना."

बंगल्यात आप्पासाहेब एकटेच होते. द्वारकाबाई, त्यांची बायको, केव्हाच माहेरी निघून गेलेली. बिरू कोण हे आप्पासाहेबांना ठाऊक नव्हतं. माणूस वाळलेला होता, दाढी वाढलेली, आणि एवढ्या थंडीत अंगात नुसतं बनियन. वरची खोली भट्टीसारखी तापली होती. रेडिएटरच्या वॉल्व्हमधून तांबूस पाणी ठिबकत होतं, फरशीवर पडल्या पडल्या वाफ होत होतं.

शफीकनं सांधा बुजवायची सुतळी आणि सफेदा बाहेर काढला. "साहेब, आधी खालून बॉयलर बंद करावा लागेल. बिरू, जा."

"खाली जायचं काम नाही," आप्पासाहेब म्हणाले. "नुसतं आवळून टाक."

"एवढ्या दाबावर? नट उडून माझ्या तोंडात बसेल. तुम्हाला दुसरा मिस्त्री बोलवावा लागेल आणि मला मौलवी."

आप्पासाहेब हसले नाहीत. बिरू जिना उतरून गेला. शफीक थांबला. मग त्यानं पाईपावर पाना मारला. एक ठोका.

काही वेळ काहीच नाही.

मग खालून... ठक्.

बंद झालं. शफीकनं नटाला पाना लावला आणि पाव फेरा फिरवला. आपल्या लोकांची हीच चूक होते बघा. जोडीदाराचा ठोका आला की आपण त्याचं तोंड बघायला जात नाही. विश्वास ठेवतो.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"शफीकभाई, तळघराला कुलूप हाय. किल्ली द्या."

शफीकनं मान वळवली. दारात बिरू उभा होता.

...

पाना नटावरच होता.

"तू खाली गेला नाहीस?"

"कुठून जाऊ? बाहेरून भलंमोठं कुलूप हाय म्हणलं ना."

आणि पाईप वाजायला लागला. ठक् ठक् ठक् ठक्. न थांबता. फासळ्या थरथरल्या. शफीकनं पाना सोडला आणि मागं सरकला. त्या ठोक्याचा अर्थ खोलीत दोघांना माहीत होता.

नाही. तिघांना.

आप्पासाहेबांनी कान दाबून धरले होते. "पाईप तापले की वाजतात," ते म्हणाले. "तापले की वाजतात. मी पाहुण्यांना हेच सांगितलं."

"कोणत्या पाहुण्यांना?" बिरूनं विचारलं.

ते बिरूशी बोलतच नव्हते. रेडिएटरशी बोलत होते. "बॉयलर सोडून वर यायला लागलास, पंगत चालू होती... मळके कपडे, सगळे मोठे लोक... मी कडी घातली. नुसती कडी. तू वाजवत बसलास. मी गाणी मोठ्यानं लावायला सांगितली. मला वाटलं दमशील. दमून गप्प बसशील!"

बिरू दारातून आत आला.

ठोके वाढले. आप्पासाहेबांनी झेप घेतली, नटावरचा पाना हिसकावला आणि रेडिएटरवर हाणायला लागले. "गप! गप बस! गप!" फासळीवर, पाईपावर, वॉल्व्हवर. दात आवळून, साप मारावा तसे. शफीकनं बिरूला धरून दाराबाहेर लोटलं आणि स्वतः मागून उडी घेतली.

वॉल्व्ह तुटला.

आवाज बंदुकीसारखा. मग शिट्टी. मग किंकाळी. दार आपोआप धाडकन मिटलं.

आतून हात आपटायला लागले. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. तरी दार हलेना. खालच्या फटीतून वाफ येत होती. आत माणूस उकडत होता, आणि दार वाजवत होता. ठक् ठक् ठक् ठक्.

शफीकनं बिरूकडं पाहिलं. बिरू दाराकडं बघत उभा. तो गप्प उभा राहिला असता तर मी त्याला दोष दिला नसता. तुम्हीही देऊ नका.

मग त्यानं खांदा लावला.

"पहार आना, शफीकभाई! पहार! मरतंय ते!"

शफीक जिन्यावरून धावला. मोटारसायकलच्या पिशवीतली पहार घेऊन वर वळला, तेव्हा बिरू दाराला धडका देत होता. तापलेल्या दारानं त्याच्या तळहाताची कातडी निघत होती. तिसरी का चौथी धडक... आणि शफीकनं डोळ्यांनी बघितलं. बिरू मागं फेकला गेला. पडला नाही, फेकला गेला. तिरका, बाजूच्या भिंतीपर्यंत. त्याच क्षणी दार चौकटीसकट फुटलं आणि कढत पाण्याचा लोट, तो उभा होता नेमका तिथून, समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. भिंतीचं प्लॅस्टर गळून पडलं.

मग शांत. ठोके नाहीत. शिट्टी नाही.

आप्पासाहेब उंबऱ्यातच होते. चेहरा कोणाचा आहे ते कळत नव्हतं. दोन्ही मुठी वळलेल्या, दार ठोकून पेरांची हाडं उघडी पडलेली. यापुढं सांगत नाही, तुम्हाला जेवायचं आहे.

"मग पोलीस?"

आले. तळघराचं कुलूप तोडलं. बॉयलर थंडगार. बर्नर काढून नेलेला, पाण्याची लाईन कापून बूच मारलेलं, आत कोळ्यांची जाळी. मुंजाबा गेल्यापासून तो कुणी पेटवलाच नव्हता. फौजदार बराच वेळ तिथं उभा राहिला आणि मग त्यानंही अपघात लिहिला. पण बिरूनं चौकीत जे ऐकलं ते सगळं सांगितलं, शफीकनं साक्ष दिली, आणि पिऊन पडला हे मुंजाबाच्या नावावरून खोडलं गेलं. म्हाळसाबाईनं त्या दिवशी पोटभर रडून घेतलं.

बंगल्यावरून बिरू पहिल्यांदा घरी आला, तेव्हा हातांना पट्ट्या होत्या म्हणून त्याचा सदरा तिनंच उतरवला. आणि तो उजेडात धरला.

उजव्या खांद्यावर गंजाच्या ओल्या पाण्यानं एक पंजा उमटला होता. अंगठा पाठीवर. चार बोटं वरून पुढं, छातीवर आलेली. माणसाला मागून घट्ट धरून खेचावं, तशी.

बिरूच्या मागं कोणी नव्हतं. शफीक जिन्यावर होता, आणि त्याच्या दोन्ही हातांत पहार होती.

मी तो सदरा पाहिला आहे. म्हाळसाबाईनं तीनदा धुतला, दगडावर आपटून धुतला. पंजा गेला नाही...

आणि सुकतही नाही.