जरा सरकता का?

शहराची मेट्रो तेविसाव्या दिवशी पुन्हा सुरू झाली, आणि नेमकी त्याच सकाळी दातवालीला नदीपलीकडच्या दवाखान्यात एक कवळी पोचवायची होती.

दातवाली म्हणजे दात काढणारी नव्हे. कवळ्या घडवणारी. मेणाचा ठसा घ्यायचा, त्यात एकेक दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग माणसाच्या ओठांना शोभेल असा जुळवायचा, मग घासून घासून चकाकी आणायची. वीस वर्षं ती हेच करत आली होती. तिची कवळी लावून माणसं अक्रोड फोडतात, असं डॉक्टर थट्टेने म्हणायचे.

कापसात गुंडाळलेली डबी तिने पिशवीत ठेवली, तेवढ्यात नणंद दारात आडवी उभी राहिली.

"वहिनी, बसने जा गं. तासभर जास्त लागेल, लागू दे."

"का? बसला काय कुणी नवस केलाय, की तिथे काही होणार नाही?"

"तोंडाला लागू नकोस. तुझा एक कान गेला, तेवढं पुरे झालं."

"वन्सं, मी काय कुणाचं चोरलंय, म्हणून तोंड लपवून जाऊ?"

म्हणाली खरी, पण म्हणताना तिची जीभ अडखळली. कारण चोरीसारखंच काहीतरी तिच्या मनाला तेवीस दिवस कुरतडत होतं, आणि ते तिने पोलिसांनाही सांगितलं नव्हतं, नणंदेलाही नाही.

त्या दिवशी ती नेहमीच्या तिसऱ्या डब्यात, मधल्या बाकावर बसली होती. शेजारी विणकामवाली मावशी. मावशी रोज त्याच गाडीला असायची, मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात अर्धवट पायमोजा, सुया चालू, आणि सुयांहून तोंड जास्त चालू. मधल्या एका स्टेशनवर एक तरुण चढला. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि याच्या अंगात जाड लोकरी कोट. कोटाला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि अगदी हळू, मर्यादेने म्हणाला, "जरा सरकता का?"

ती सरकली. कुणीही सरकलं असतं. तो बसला.

दोनच मिनिटांत डब्याच्या टोकाकडून निवृत्त मास्तरांनी हाक मारली. तिनेच केलेली त्यांची कवळी बोलताना टकटक वाजत होती, आणि डबाभर माणसांना ते ऐकवल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. ती उठून गेली. मास्तरांनी आ वासला, तिने अंगठा आत घालून कवळी दाबून पाहिली, आणि भुयार फुटलं.

अकरा माणसं गेली. त्यात मावशी. बारावा तो स्वतः, कोटाखाली बॉम्ब बांधून आलेला, पण त्याला कुणी माणसांत मोजत नव्हतं. दातवालीचा डावा कान कायमचा बंद झाला, आणि अंगठ्यावर तिच्याच हातच्या कवळीचे सहा दात उमटले.

लोक म्हणाले, नशीब थोर. ती मान डोलवायची. आत मात्र एकच वाक्य फिरत राहायचं... मी सरकले. मी जागा केली.

स्टेशनात नव्या रंगाचा वास कोंदला होता. दारावर सुरक्षारक्षक प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. त्याने डबी उघडली आणि दचकलाच.

"हे काय?"

"दात."

"कुणाचे?"

"अजून कुणाचेच नाहीत. तुम्हाला हवेत का?"

मागची रांग हसली. हसताना सगळ्यांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं, जणू या जागी हसायला परवानगी लागते.

तिसऱ्या डब्याच्या दारात ती खांब धरून क्षणभर थांबली. पण आत मास्तर होते, कपाळावर टाक्यांची रेघ घेऊन. रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स होती. आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा बांधलेला चावीवाला होता. चौघं एकमेकांना रोज बघत आले होते, पण आजच पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलले.

"आलीस पोरी?" मास्तर म्हणाले. "ये. कवळीला तडासुद्धा गेला नाही बघ. डोकं फुटलं, पण कवळी शाबूत."

"बायको म्हणाली, निदान डबा तरी बदला," चावीवाला म्हणाला. "म्हटलं, डब्याने काय घोडं मारलंय आपलं?"

नर्स खिडकीच्या काळ्या काचेकडे बघत होती. "मी त्या दिवशी चौदा तास उभी होते वॉर्डात. घरी गेल्यावर बूट निघेनात, पाय एवढे सुजलेले. आणि भीती वाटली का म्हणाल, तर अजून वाटते. रोज वाटते."

"वाटायचीच," मास्तर म्हणाले. "मलाही झोप नाही. पण भिणं वेगळं आणि घरात दडून बसणं वेगळं. मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलं की वर्गात आपली जागा आपण सोडायची नाही. आता या वयात मीच सोडू?"

मधला बाक नवा होता. इतर बाकांचा निळा रंग विटलेला, याचा झगझगीत. त्यावर कुणी बसलं नव्हतं. दातवाली गेली आणि बसली. मुद्दाम, आपल्या जुन्या जागी.

गाडी भुयारात शिरली. चाकांचा आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग वेग मंदावला, ब्रेक किरकिरले, आणि गाडी थांबली. नेमकी तिथेच. बाहेरच्या भिंतीवर नव्या सिमेंटचा पांढुरका पट्टा दिसला, तेवढ्यात दिवेही गेले.

कुणी ओरडलं नाही. चालकाचा आवाज खरखरला, "सिग्नलसाठी थांबलोय... कृपया बसून राहा..." आणि तोही विझला.

अंधार नुसता काळा नव्हता, दाट होता. पंखे बंद पडले तशी हवा साचली. दूर कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. टप. बऱ्याच वेळाने पुन्हा टप. आणि मग, आधी पुसट, मग नाकात चढेल इतका... डांबरगोळ्यांचा वास.

दातवालीने श्वास रोखला.

"जरा सरकता का?"

आवाज डावीकडून आला. अगदी कानाशी. त्या कानात, ज्यात तेवीस दिवस सुई पडल्याचाही आवाज गेला नव्हता.

आणि तिचं अंग आपसूक सरकायला निघालं. तीच तर भीती होती. भिऊन नव्हे, सवयीने. कुणी जागा मागितली की माणूस सरकतं, तेवढंच. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नाही," ती पुटपुटली.

मग पुन्हा, तितक्याच मर्यादेने,

"मागच्या वेळी... सरकला होतात."

ते ऐकून तिला राग आला. मावशीच्या सुया आठवल्या, अर्धवट राहिलेला तो पायमोजा आठवला, आणि ती अंधारात मोठ्याने बोलली, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशी.

"हो, सरकले होते! मीच त्याला जागा दिली. पोलिसांना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. माझ्यामुळे तो मावशीशेजारी बसला. ऐका सगळे... मी सरकले होते."

मग टोकाकडून मास्तरांचा घोगरा आवाज आला.

"पोरी... आत्ता मलाही कुणीतरी तेच विचारलं."

"मलाही," नर्स म्हणाली. "पण माझ्या शेजारी... कुणी नाहीये."

चावीवाल्याच्या कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा खणखणला.

"हे बघ," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला. "जागा मागणाऱ्याला जागा दिली, तर ती माणुसकी. त्या जागेचं त्याने जे केलं, ते त्याचं पाप. त्याचं ओझं तू का वाहतेस? थांब, मी येतो तिकडे."

अंधारात पावलं चाचपडत आली. मास्तर तिच्या डावीकडे बसले. उजवीकडे नर्स. चावीवाला आला, आणि आणखी कोणकोण आलं, नावगाव माहीत नसलेली माणसं, कुणाचे खांदे, कुणाचे गुडघे. तिघांच्या बाकावर सहा जण दाटले, बाकीचे समोर खेटून उभे राहिले. कुणाच्या तरी घामाचा वास, कुणाच्या तरी साबणाचा. जिवंत माणसांचा वास.

"इथे जागा नाही," दातवाली म्हणाली. "इथे माणसं बसलीत."

"जागा नाही," मास्तर म्हणाले.

"जागा नाही," सगळा डबा म्हणाला. ओरडून नाही. दाराला कडी घालावी तसं, ठाम.

मग त्यांच्या गुडघ्यांवरून काहीतरी गार सरकत गेलं. एकेकापाशी थांबत, वाकून बघितल्यासारखं. कापडाची सळसळ झाली. डब्याच्या टोकाला, पुढच्या डब्यात जायचं सरकतं दार हळूच उघडलं. आणि तितक्याच हळूच लागलं.

दिवे आले. गाडी निघाली. कुणीच कुणाचा हात लगेच सोडला नाही.

त्या दिवशी कवळी पोचली, बरोबर बसलीही. संध्याकाळी तिने नणंदेला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. नणंद तिचं डोकं छातीशी धरून म्हणाली, "एवढे दिवस एकटीच घेऊन बसलीस होय गं? मी काय मेले होते?" बऱ्याच दिवसांनी दातवाली पोटभर रडली आणि सकाळपर्यंत गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी ती फलाटावर पोचली, तर मास्तर, नर्स आणि चावीवाला तिची वाटच बघत होते. चौघं कालचं बोलत होते, तेव्हा शेजारी उभी असलेली एक मुलगी वळली. हातात नकाशांची लांब नळी, घरबांधणी शिकणारी असावी.

"काल अंधारात मोठ्याने बोलत होते, ते तुम्हीच का? आमच्या दुसऱ्या डब्यापर्यंत ऐकू आलं."

"आम्हीच," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे काय झालं?"

"काही नाही. सगळे चिडीचूप. फक्त एकजण आला आणि मला म्हणाला, जरा सरकता का."

दातवालीने तिचा हात धरला. "मग...?"

"मग काय? सरकले." मुलगी हसली. "एवढं काय त्यात?"

गाडी आली. मुलगी रोजच्यासारखी दुसऱ्या डब्यात चढली आणि बाकावर बसली, कडेला, अंग चोरून. तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती. डब्यात माणसं उभी होती, लोंबकळत होती, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं. एकदोघांनी त्या जागेकडे पाहिलं, आणि तिथे आधीच कुणी बसलेलं असावं, तशी नजर वळवली.

दातवाली तिसऱ्या डब्याकडे गेलीच नाही. ती दुसऱ्यात शिरली. तिच्यामागे मास्तर, नर्स, चावीवाला.

"तू नको सरकू," ती मुलीला म्हणाली. "आहेस तिथेच बस, नीट पाय सोडून." आणि ती त्या मोकळ्या जागेत बसली.

जागा चांगली ऐसपैस होती. तरी तिला ती पुरेना. दारं लागली, गाडीने भुयारात तोंड घातलं. दातवालीने दात ओठ खाऊन कोपर बाजूला रोवला. कोपराला काहीतरी लागलं.

ते हललं नाही. तिनेही कोपर मागे घेतला नाही.