तिसऱ्या रांगेतली जागा

त्या दिवशी मी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलायला म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या त्या मोठ्या कॅसेटच्या दुकानात गेलो होतो. काचेच्या शोकेसमध्ये नामांकित कंपन्यांच्या कॅसेटींच्या मांडीला मांडी लावून विमलाबाईंच्या मैफलीची कॅसेट बसलेली. रंगीत कव्हर, वर बाईंचा फोटो. मी चाटच पडलो. बाई तर दारावर पिशव्या तपासायला माणूस ठेवायच्या. कुणी रेकॉर्ड करताना दिसला की गाणं थांबवून उठून जायच्या.

"चोरून केलेली आहे, काका," दुकानदार पोपट हळूच म्हणाला. "कुणीतरी जेवणाच्या डब्यात रेकॉर्डर लपवून नेतो. पब्लिकचाच आवाज जास्त येतो, आधीच सांगतो."

पब्लिकचा आवाज येतो, म्हणूनच मी ती घेतली.

माझी सगुणा मासळी विकायची, पण गाण्यापायी वेडी. एका गिऱ्हाइकाच्या रेडिओनं लावलेलं वेड. रविवारी सकाळी बाजार उरकून, हात लिंबानं घासून ती विमलाबाईंच्या मैफलीला पुढे जायची आणि शेजारी माझा पंचा अंथरून जागा धरायची. मी रात्रपाळी करून जांभया देत पोचायचो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या शेजारी बसायला मिळायचं, एवढंच. श्रावणात काविळीनं ती गेली. चेंदणी कोळीवाड्यातलं आमचं घर तेव्हापासून मुकंच झालं. एखाद्या जुन्या मैफलीत तिची "हाय गो!" अशी दाद सापडेल, एवढीच माझी आशा.

दुपारी खिडकी लावून कॅसेट ऐकायला बसलो. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत येत होता. बाईंचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा. खोकले, कुजबुज, सतरंजी सरकल्याची खसखस. मग एक पुरुष म्हणाला, "इथं कुणी आहे का हो?"

"बसू नको रं बाला," अगदी जवळून सगुणा म्हणाली. "माजे घोवाची जागा हाय. कामावरशी सुटला का यल तो."

मी टेपवर हात ठेवून रडलो. हवं ते मिळालं होतं. संध्याकाळी पोपटला सहज विचारलं, "कधीची रे ही मैफल?"

"ताजा माल आहे, काका. यंदाच्या जानेवारीतला. कल्याणचा."

सगुणाला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

फाल्गुनात डोंबिवलीला एका शाळेच्या हॉलमध्ये बाईंची सकाळची मैफल होती. मी गेलो. न जाऊन करतो काय? पोटुशी मुलगी मालू बाळंतपणाला घरी आलेली. "जेवायला थांबते, बाबा," म्हणाली. हॉल खचाखच भरलेला. माणसं पायऱ्यांवर, दारात, खिडकीत. आणि तिसऱ्या रांगेत एका माणसाची जागा रिकामी. येणारा प्रत्येक जण तिथवर जायचा, थबकायचा आणि मागे फिरायचा. कुणी अडवत नव्हतं. अडवायला तिथं कुणी नव्हतंच.

मी मागच्या खांबाला टेकून उभा राहिलो. लिंबाचा वास आला... आणि त्याखाली मासळीचा. पाय आपसूक पुढे निघाले. तिथं बसावं, बस्स, दुसरं काही नको, असं वाटलं. पण बसलो तर उठू शकणार नाही, हेही तितकंच लख्ख कळत होतं. घरी मालू ताट वाढून थांबली होती. मी खांबाला मिठी मारली आणि भैरवी संपेपर्यंत सोडली नाही.

त्या मैफलीचीही कॅसेट आली. पोपटनं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. आणली, दार लोटलं, लावली. बाईंचा स्वर लागला. सतरंजी खसखसली. जड पावलांनी कुणीतरी आलं आणि बसलं.

"आयलो गो," तो म्हणाला.

तो आवाज माझा होता. पाळीनंतरचा, घोगरा, थोडा दमलेला.

"किती उशीर..." सगुणा म्हणाली, आणि हसली. त्या हसण्यासाठी मी जीव दिला असता. भीती वाटायच्या आधी मला त्या बसलेल्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

"मालू कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी हाय. पुढचे टायमाला तिला पन आनतो."

मी टेप बंद केली. बटण तुटेल इतक्या जोरानं दाबलं. स्वयंपाकघरातून मालू पदराला हात पुसत दारात आली.

"पुढच्या टायमाला कशाला, बाबा?" ती म्हणाली. "मी कधीची तयार होऊन बसलेय... आई कुठाय?"