बिनआवाजाचा कीबोर्ड

दिवा तेवढाच राहू द्या. मध्ये कुणी बोलायचं नाही.

माझ्या ओळखीतला एक ऑपरेटर. छापखान्यात तीस वर्षं टाइप केलेलं. एका शुक्रवारी संध्याकाळी तो कीबोर्ड घ्यायला दुकानात गेला. अजिबात आवाज न करणारा द्या म्हणाला. दुकानदार हसला. जुन्या जाडजूड कीबोर्डवर जीव टाकणारा हा माणूस. नव्यावर बोटं ठेवली की चिखलात घातल्यासारखी वाटतात, असं भेटेल त्याला सांगायचा.

कीबोर्ड बायकोसाठी होता.

बायको आठ महिने अंथरुणाला खिळलेली. अर्धांगवायूने वाचा गेली होती. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. मेव्हणीने त्या बोटाखाली छापखान्यातला जुना कीबोर्ड ठेवला होता. त्याचं बटण अर्ध्यावर अडतं, मग सुटतं, आणि खट्. बोटाला कळतं, घरभर ऐकू जातं. वायर कशालाच जोडलेली नव्हती. एक खट् म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदला. तीन म्हणजे श्वास अडकलाय, धावत या.

छापखाना बंद झाला तेव्हा त्याने तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. आता तिच्यावर औषध सांडायचं, लाळ गळायची. तो हळहळायचा. बायकोसाठी नाही. कीबोर्डसाठी.

त्या रात्री त्याने अदलाबदल केली.

"भाऊजी, याला आवाजच नाही," मेव्हणी म्हणाली. "ती बोलावणार कशी?"

"मी काय बहिरा आहे? दार उघडं ठेवतो."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मेव्हणी आपल्या घरी गेली. त्याने जुना कीबोर्ड आतल्या खोलीत नेला, एकेक बटण पुसलं, कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला. आणि दार लावून घेतलं. छापखान्यातल्या ओळी आठवतील तशा टाइप करत बसला. नुसत्या आवाजानेच माणूस तीस वर्षांनी लहान झाला म्हणा. उजाडेपर्यंत उठला नाही.

सकाळी बायको गार पडलेली. झोपेत गेली, असं त्याने चार लोकांना सांगितलं. मेव्हणीने बटणावर रुतलेलं ते बोट पाहिलं.

पुढच्या महिन्यातला दुसरा शुक्रवार. रात्री दोनला दहा कमी. दार लावून तो टाइप करत होता.

आवाज थांबला.

बोटं चालत होती. पडद्यावर अक्षरं उमटत होती. खट् मात्र नाही. त्याने जोरात दाबलं. मुठीने हाणलं. नाही...

मग बाहेरच्या खोलीत...

खट्.

तिथे आता पलंगही नव्हता.

खट्.

त्याने मागे पाहिलं. दार उघडं होतं.

तो उठला... उंबऱ्यापर्यंत गेला...

सकाळी मेव्हणीला तो उंबऱ्यात पडलेला सापडला. जिवंत. तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली. एक बोट तेवढं हलत होतं.

मेव्हणी मनाने वाईट नाही. तिने तोच जुना कीबोर्ड त्याच्या हाताखाली ठेवला. चार दिवसांनी मला बोलावणं आलं. बिघडलाय म्हणाली.

दुरुस्तीला माझ्या हाताखालून असे शेकडो गेलेत. मी उघडला. एकेक स्प्रिंग पाहिली. काही बिघाड नाही. मी दाबलं, खट्. तिने दाबलं, खट्. मग त्याच्या हाताखाली ठेवला, आणि ती औषध ओतायला पाठ फिरवून उभी राहिली.

त्याने दाबलं. बटण खाली गेलं. अडलं. सुटलं.

...

मी माझं बोट त्याच्या बोटावर ठेवलं आणि सगळा जोर लावून दाबलं. त्याचे डोळे माझ्यावर होते. पुन्हा दाबलं. पुन्हा...

मेव्हणीने मागे न बघता विचारलं, "दाबायला लावलं का त्यांना?"