टाकी भरलेलीच होती

आलेल्या बाईंनी चप्पल दारात काढली, खुर्ची नाकारली आणि पिशवीतून दोन रुमाल काढून टेबलावर पसरले. एक लख्ख पिवळा होता. दुसरा पिवळा म्हणावा तर शेवाळलेला, हिरवा म्हणावा तर मळकट.

"दोन्ही मीच रंगवलेत," त्या म्हणाल्या. "तेच कापड, तीच डाळिंबाची साल, तेच माप. पहिला दोन महिन्यांपूर्वीचा. दुसरा परवाचा."

कोपऱ्यात मास्तर पेपर वाचत बसले होते. उभी हयात चित्रकला शिकवण्यात गेलेली, त्यामुळे रंगाचा विषय निघाल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. निवृत्त झाल्यापासून ते रोज भावाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, ऑफिसात येऊन बसत. गाडी चालवायला कुणीतरी हवंच, असं ते चारचौघांत सांगत. वहिनींनी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं, पण हो तरी कधी म्हटलं होतं, हेही त्यांना आठवत नव्हतं.

वहिनींनी वीस वर्षं विम्याच्या कंपनीत लोकांचे दावे तपासले होते. आता दारावर स्वतःची पाटी लावून त्या खासगी तपासाची कामं घेत.

"कुणी मुद्दाम बिघडवतंय, असा संशय आहे?" त्यांनी विचारलं.

"दोनच गोष्टी असू शकतात, बाई. एक तर कुणीतरी माझा रंग नासवतंय, नाहीतर माझा हात गेलाय. चार खेपा वाया गेल्या. घरातले तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात दुसरंच आहे. मुलगा म्हणतो, आई, आता पुरे. शनिवारी भांडी मोडीत द्यायचं ठरलंय, चाळीस वर्षांची भांडी. त्याआधी मला खरं काय ते कळायला हवं. दोष माझा असला तर तसं सरळ सांगा. गुळमुळीत बोलू नका."

"नाही बोलणार," वहिनी म्हणाल्या.

रंगारीणबाईंचं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. पुढे घर, मागे अंगण, अंगणात पत्र्याची रंगशाळा आणि तिला लागून माणसापेक्षा उंच अशी सिमेंटची टाकी. घराच्या छपरावरून एक जाड नळ टाकीत उतरला होता. दुसऱ्या भिंतीजवळ बोअरचा नळ होता. त्याच्याखालची फरशी तांबूस झाली होती आणि शेजारी रबरी पाइपाचं वेटोळं पडलं होतं.

बाईंच्या यजमानांनी मास्तरांचं तोंडभर स्वागत केलं. या यजमानांना सगळे काका म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या पंपघरात नोकरी केली होती.

"गाडी कुठे लावलीत? कोपऱ्यावर नाही ना? तिथे ट्रक वळतात."

"झाडाखाली लावलीय," मास्तर म्हणाले.

"मग हरकत नाही."

काकांनी स्वतः टाकी दाखवली. छपरावरचं पाणी साठवणं त्यांच्या मते पोरखेळ नव्हता. पावसाआधी छप्पर झाडायचं. टाकी तळाच्या व्हॉल्व्हने रिकामी करून घासायची. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, कारण त्यात छपराची धूळ असते. दुसऱ्या पावसापासून नळ टाकीकडे वळवायचा. हे पाणी फक्त रंगासाठी. प्यायला सरकारी नळ आणि धुण्याला, झाडांना बोअर.

"पाऊस संपल्यावर टाकीला काही केलंत?" वहिनींनी विचारलं.

"छे. भरलेल्या टाकीला हात लावायचा नसतो. पुढच्या पावसाआधी धुवायची, बस." काकांची नजर अगदी स्वच्छ होती.

टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर ब्रशने 'टाकी धुतली' असं लिहून खाली तारखांची रांग होती. दरवर्षीची एक. यंदाच्या मात्र दोन होत्या, एकमेकींपासून साडेचार महिने लांब. मास्तर अक्षरांवर जाम खूश झाले. इतकी वर्षं झाली, तरी एका काना-मात्रेचं वळण बदललेलं नव्हतं.

"वहिनी, काटेकोर माणूस बघा. वर्षातून एकदा करायचं काम यंदा दोनदा केलंय."

"हं," वहिनी म्हणाल्या. त्या शिडीवर चढून टाकीत डोकावत होत्या. टाकी पाऊणएक भरली होती. पांढऱ्या भिंतीवर पाण्याच्या कडेला एक बारीक तांबूस रेघ होती.

रंगशाळेत मदतनीस बाई होती. अठरा वर्षं ती इथे काम करत होती. वहिनींनी विचारायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली.

"मला दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलंय, ते कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगते. मी गेले नाही. काकूंना असं सोडून कुठे जाऊ?"

"रंग कशाने बिघडला असेल?"

तिने फळीवरच्या मोठ्या बरणीकडे बोट दाखवलं. "काळा रंग करायला लोखंडाचं पाणी लागतं, ते त्यात असतं. त्यातलं पळीभर जरी पिवळ्यात पडलं तरी असाच शेवाळी होतो. सगळे म्हणतात, काकूंनी चुकून तेच ओतलं असणार. पण ती बरणी तर..."

वहिनींनी बरणी खाली उतरवली. झाकणावर धुळीचा थर होता आणि कडेला कोळ्याचं जाळं, कुठेही न तुटलेलं. त्यांनी ती होती तिथे परत ठेवली.

"काकू परगावी गेल्या होत्या का मध्ये?"

"बहिणीकडे, आठ दिवस. परत येऊन तीन आठवडे झाले. मलाही तेव्हा सुट्टीच होती. आल्यावर पहिलीच खेप लावली आणि तीच बिघडली."

मुलगा दुपारी जेवायला घरी आला. त्याच्या कपाळावर आठ्या कायमच्याच असाव्यात, असं मास्तरांना वाटलं.

"टाकी पाडून तिथे खोली बांधायचा विचार आहे, हो," तो म्हणाला. "ते मी लपवत नाही. घरात जागा पुरत नाही. पण म्हणून मी आईचा रंग नासवीन? ती रात्र-रात्र जागते. मला बघवत नाही. त्यात घरातलं एकेक बिघडतंय. आई परगावी होती तेव्हा बोअरची मोटर जळली. आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर कामावर, घरी फक्त बाबा. झाडांना पाणी घालून मोटर जळते का कधी?"

"बाबांना विचारलंत?"

"त्यांना काहीच माहीत नाही. म्हणाले, जुनी मोटर होती."

मास्तरांनी वहिनींकडे अर्थपूर्ण बघितलं. खोलीसाठी टाकी पाडायची आणि टाकीसाठी आईचं काम बंद पाडायचं, इतकं सरळ गणित होतं. आपण यावेळी वहिनींच्या आधी पोचलो, या आनंदात त्यांनी मिशीवरून हात फिरवला. वहिनी मात्र मागच्या गल्लीत निघाल्या होत्या.

मागच्या गल्लीत टाकीच्या बाजूला चिखल वाळून भेगाळला होता, आणि शेजारचा शिंपी दुकानाच्या पायरीवर बसून काजं करत होता. त्याच्याही छपराचं पाणी दोन पिंपांत साठवलेलं होतं.

"चिखल? बरं झालं विचारलंत. महिना होत आला असेल. पावसाचा थेंब नाही आणि या गल्लीत घोट्यापर्यंत पाणी. एका गिऱ्हाइकाचा सूट घेऊन येणारा माणूस घसरून पडला. मला वाटलं, कुठेतरी पाइप फुटला. संध्याकाळपर्यंत वाहिलं आणि आपोआप थांबलं."

"त्यानंतर पाऊस?"

"नावालाही नाही."

घरात परतल्यावर काकांनी चहा मांडला. वहिनींनी बिनदुधाचा मागितला. त्या एरवी असा चहा पाहूनही नाक मुरडत, म्हणून मास्तर चकित झाले. त्यावर वहिनी कप घेऊन स्वयंपाकघराच्या उघड्या दाराने अंगणात गेल्या, तेव्हा तर त्यांनी विचार करणंच सोडून दिलं.

काका चमचे शोधत होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक खणावर सुबक चिठ्ठी होती. 'चमचे', 'काड्यापेटी', 'चष्मा'. चिठ्ठ्या नव्या करकरीत होत्या. पंपघरातला शिस्तीचा माणूस घरी तरी कसा बदलेल, असं मास्तरांच्या मनात आलं.

"गाडी कुठे लावलीत?" काकांनी कप पुढे करत खणखणीत आवाजात विचारलं. "कोपऱ्यावर नाही ना? तिथे ट्रक वळतात."

"झाडाखाली," मास्तर म्हणाले. एवढी काळजी करणारा यजमान त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

अंगणाच्या कठड्यावर वहिनींनी दोन पेले ठेवले होते. एकात शिंप्याच्या पिंपातलं पाणी, दुसऱ्यात टाकीतलं. दोन्हीत त्यांनी थोडा-थोडा चहा ओतला होता. पहिला पेला चहाच्याच रंगाचा राहिला. दुसरा शाईसारखा काळवंडला होता.

"आता बोला," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "मुलगाच ना?"

"भाऊजी, आज या घरात आपल्याशी कुणीही खोटं बोललं नाही. पंचाईत तीच आहे."

चहानंतर काका आडवे झाले. वहिनी रंगशाळेत गेल्या आणि बाईंना म्हणाल्या, "तुम्हाला एकटीला सांगितलं तर चालेल?"

"नाही. माझ्यामागे पुष्कळ बोलून झालंय. आता सगळ्यांसमोर होऊ दे." त्यांनी मुलाला आणि मदतनीस बाईला बोलावलं.

वहिनी स्टुलावर बसल्या. "तुमचा हात गेलेला नाही. माप बरोबर आहे, साल बरोबर आहे, बरणीला तर कुणी शिवलेलंसुद्धा नाही. बिघडलंय ते पाणी. टाकीत आहे ते पावसाचं नाही, बोअरचं आहे."

"पण टाकी भरलेलीच होती," मदतनीस म्हणाली. "मी रोज बघते."

"म्हणूनच कुणाला शंका आली नाही. टाकी रिकामी दिसली असती तर सगळे धावले असते. तुमच्या बोअरला लोखंड आहे, नळाखालची फरशी त्यानेच तांबडी झालीय. तसलीच रेघ आता टाकीत आहे. लोखंडाच्या पाण्यात चहा ओतला की तो काळा पडतो. डाळिंबाच्या सालीचंही तसंच. बरणीतल्या पाण्याने जे झालं असतं, ते सावकाश टाकीनेच केलं."

"मग आमचं पाणी गेलं कुठे?" मुलाने विचारलं.

"मागच्या गल्लीत. तळाचा व्हॉल्व्ह उघडून टाकी रिकामी केली, तो चिखल शिंप्याने पाहिला. मग रबरी पाइप लावून बोअरने पुन्हा भरली. एवढी टाकी भरायला मोटर किती वेळ चालली असेल? ती उगीच नाही जळली. हे सगळं झालं बाई परगावी असताना, दिवसा. तेव्हा घरात एकच माणूस होतं."

बाईंनी पाठीमागच्या भांड्याची कड धरली. मुलगा उसळून म्हणाला, "बाबा? बाबा आईचा रंग नासवतील?"

"त्यांनी काही नासवलं नाही. त्यांनी टाकी धुतली. पावसाआधी धुतली होती, हे ते विसरले. पुन्हा धुतली आणि शिरस्त्याप्रमाणे भिंतीवर तारीख लिहिली. लपवायचं असतं तर लिहिली असती का? मग त्यांना रिकामी टाकी दिसली. रिकामी टाकी दिसली की मोटर लावायची, हे हातांना पस्तीस वर्षांचं वळण. त्यांनी मोटर लावली आणि तेही विसरले. म्हणून मी विचारलं तेव्हा ते खरं तेच बोलले. त्यांच्या दृष्टीने त्या टाकीला कुणी हातच लावलेला नाही."

"एखाद्या वेळी विसरतं माणूस," मुलगा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"एखाद्या वेळी, हो. पण स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्या नव्या आहेत. ते स्वतःशीच झगडतायत, कुणाला कळू न देता. आणि आज त्यांनी भाऊजींना गाडी कुठे लावली हे दोनदा विचारलं, त्याच शब्दांत."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. ती काळजी आहे असं धरून ते चालले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी हसून उत्तर दिलं होतं. त्या माणसाबद्दल त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

मदतनीस बाई पदराने डोळे पुसत होती.

"म्हणजे माझा हात शाबूत आहे," बाई शेवटी म्हणाल्या.

"आहे."

"गेला असता तर बरं झालं असतं, बाई."

वहिनींनी आपलं स्टूल त्यांच्या जवळ ओढलं.

मग बाई उठल्या. मदतनीस बाईला म्हणाल्या, "शिंप्याला विचार, दोन घागरी देतो का. राहिलेली खेप त्याच्या पाण्यात लावू. टाकी उद्या सोडून दे, आपण थांबू पुढच्या पावसाची." मुलाकडे वळून त्यांनी फक्त मान हलवली. भांडी मोडीत देण्याचा विषय तिथेच मिटला.

तेवढ्यात दार ढकलून काका आत आले. झोपेने डोळे जड, पण चेहऱ्यावर उत्सुकता होती. "काय, सापडलं का कुणी? रंगाचा चोर?"

मुलाने तोंड फिरवलं. मास्तर जमिनीकडे बघत राहिले. काका एकेकाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं थोडं मावळायला लागलं होतं.

"सापडलं," बाई म्हणाल्या. "माझंच चुकत होतं. माप विसरत होते मी."

काकांनी जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, मग त्यात एवढं काय? वय झालं आता तुझं. मी आहे ना, मी लक्ष ठेवीन तुझ्यावर."

"ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि सोमवारी डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चला. मला एकटीला भीती वाटते."