टायकोच्या तासाला खालून उत्तर आलं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी स्वतः त्या हॉलमध्ये होते, एवढंच सांगते.

मी मेरिल. मूळची वसईची. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावात, एका प्राथमिक शाळेत संगीत शिकवते. गेल्या ऑगस्टमधला गुरुवार. दुपारचे दोन. बाहेर लख्ख ऊन.

पर्थहून आठ टायको भाड्याने मागवले होते. टायको म्हणजे जपानी ढोल, सगळ्यांनी मिळून एका तालात वाजवायचे. समोर सात-आठ वर्षांची आठ मुलं.

"आधी तोंडाने म्हणा. डोन, डोन, डोको, डोन!"

मुलं जोरात ओरडली. मग जाड काठ्या ढोलांवर पडल्या. छातीत घुमलं.

मी हात वर केला. सगळे थांबले.

आणि मग... डोन.

"कोण वाजवतंय?"

"नॉट मी, मिस!"

आठही जणांच्या काठ्या हवेत होत्या.

खाणीतला ब्लास्ट असेल, मी म्हटलं. इथे ते रोजचंच.

पुन्हा वाजवलं. पुन्हा हात वर केला.

डोन... डोन... डोको... डोन.

पायाखालून. आमच्याच तालात.

एक मुलगी रडायला लागली.

"सगळे बाहेर! काठ्या खाली ठेवा!"

सात जण पळाले.

ओवी हलली नाही. इथल्या डॉक्टर निहारिकाची मुलगी. मराठी समजतं, पण बोलते फक्त इंग्लिश. ती वाजवतच होती. ती थांबली की खालून उत्तर यायचं.

दर वेळी... जरा जवळून.

मी तिचे हात धरले. बर्फासारखे गार. काठ्या सुटेनात. तिला तशीच उचलली आणि मैदानात धावले.

मुलं मोजली. आठ होती.

ओवी हॉलकडे टक लावून बघत होती. मग स्वच्छ मराठीत म्हणाली,

"का थांबवलंत, मिस? ते वरच येत होते."

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. एलायस खाणीत इंजिनियर आहे.

"आज ब्लास्ट किती वाजता झाला?"

"झालाच नाही गं. सकाळपासून काम बंद. खाली कोणीच नव्हतं."

ओवीला यातलं काही आठवत नाही. त्यानंतर ती मराठीही बोललेली नाही.

प्रिन्सिपलना मात्र टायको पुन्हा हवेत. मी सरळ नाही म्हटलं.

"नो वरीज," ते म्हणाले, "पर्थहून दुसरी टीचर बोलावतो."

ती येत्या गुरुवारी येतेय.

तिला काय सांगू? मुलांना वाजवू देऊ नकोस...

की एकदा सुरू केलं तर थांबवू नकोस?