हरणकोंड्याचा तिसरा शिक्का

वैशाख शुद्ध एकादशीची पहाट तुंगभद्रेवर उजाडली तेव्हा कोतलहळ्ळीच्या किल्ल्याचा पडका बुरूज अजून धुमसत होता, आणि नदीच्या अलीकडच्या माळावर पसरलेली दोन मोठी लष्करे आठ महिन्यांत पहिल्यांदाच निवांत झोपली होती. बंडखोर पाळेगार मारला गेला होता. त्याचे हत्ती, तोफा आणि नगारखाना यांची वाटणी आदल्या दिवशीच उरकली होती. उरली होती ती मुलखाची वाटणी. लढाईत मरतात त्याहून अधिक माणसे पुष्कळदा या वाटणीत मरतात, पण त्यांचे पोवाडे कोणी रचत नाही.

या युद्धात दोस्त तीन होते. उत्तरेचे सरलष्कर जिवाजीराव काटकर आणि पूर्वेचे नवाब दाराबजंग हे दोन थोरले. तिसरे हरणकोंड्याचे देसाई. त्यांच्यापाशी एक गड, गडाखालची पेठ आणि पेठेत राहणारी बंदूकचींची चारशे घरे, एवढेच होते. पण त्या चारशे घरांनी घाट अडवून धरला नसता, तर दोन्ही थोरली लष्करे पावसाळ्यातच उपाशी मेली असती. देसाई स्वतः शेवटच्या हल्ल्यात तटावर पडले होते. त्यांना मूल नव्हते. आता त्यांच्या घराण्याच्या वतीने बोलायला एकच माणूस उरला होता, तो म्हणजे त्यांचे वकील गिरमाजी व्यंकटेश.

गिरमाजीपंत पन्नाशीचे, सावळे, बोलण्यात गोड आणि लिहिण्यात त्याहून गोड. देसायांना या दोस्तीत ओढले ते त्यांनीच. त्यांची पत्नी कृष्णक्का हरणकोंड्याच्या पेठेतच राहत होती.

युद्धाच्या आरंभी तिन्ही दोस्तांनी शपथ घेतली होती. सरलष्करांनी आणि देसायांनी बेलभंडार उचलला, नवाबांनी कुराणावर हात ठेवला, आणि ठरले असे की तहाची सदर बरखास्त होईतो तिघांनी एकमेकांवर हत्यार उचलू नये. सदर बरखास्त कधी होणार, तर शेवटच्या वकिलाने निरोपाचा विडा घेतला म्हणजे. सरलष्करांच्या थोरल्या भावाने एकदा बेलभंडार मोडला होता आणि त्याचा उजवा हात सडून तो वर्षाच्या आत गेला होता. तेव्हापासून जिवाजीराव शपथेला फार जपत. माणसांना एवढे जपत नसत.

सूर्य कासराभर वर आला तशी शामियान्यात सदर भरली. गाद्यांपुढे चांदीच्या तबकात तिन्ही घराण्यांचे शिक्के मांडले; हरणकोंड्याचा शिक्का वकील म्हणून पंतांच्या नावाचा होता. तहावर मोर्तब होईतो ते कोणी उचलायचे नाहीत, अशी वहिवाट होती. सरलष्करांचे कारभारी कोन्हेरपंत यांनी खूण केली आणि चिटणीस तहाची यादी वाचू लागला. चौथ्या कलमात हरणकोंड्याचा गड पाडावयाचा होता. पाचव्यात पेठेच्या उत्तरेचा मुलूख सरलष्करांना आणि दक्षिणेचा नवाबांना जात होता. सहाव्यात कै. देसायांची समाधी उभय सरकारांनी मिळून बांधावी असे होते. त्यानंतर चिटणिसाने घसा खाकरला आणि वाचले, "कलम आठवे."

"सातवे राहिले, चिटणीस," गिरमाजीपंत म्हणाले.

चिटणीस कारभाऱ्यांकडे पाहू लागला. नवाब आपल्या अंगठीकडे पाहू लागले. कोन्हेरपंत हसले. "सातवे कलम दोन सरकारांचे आपसातले आहे, पंत. आपण तसदी घेऊ नये."

वाचन संपले. गिरमाजीपंतांनी शिक्क्याला हात लावला नाही, तेव्हा कोन्हेरपंतांनी आग्रहही केला नाही. दोन शिक्क्यांनी तह पुरा होत होता. त्यांनी टाळी वाजवली, आणि हुजऱ्याने निरोपाच्या विड्याचे तबक गिरमाजीपंतांपुढे धरले. त्याच क्षणी पंतांचे लक्ष शामियान्याबाहेर गेले. दोन्ही लष्करांच्या पागांत घोड्यांवर खोगिरे चढली होती. त्यांची तोंडे उत्तरेला, हरणकोंड्याकडे होती, आणि शत्रू तर दक्षिणेला मरून पडला होता.

पंतांनी तबक हलकेच मागे सारले. "सरकार, आज एकादशी. मला तांबूल वर्ज्य आहे."

सरलष्कर स्वतः एकादशी करीत. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मान डोलावली. "बरोबर आहे. सदर कायम राहील." सदर चालू असल्याची खूण म्हणून गादीवर आपली तलवार ठेवून ते उठले, पाठोपाठ नवाबही उठले, आणि त्या ओसाड शामियान्यात जागा सोडली तर तोच निरोप धरतील म्हणून पंत एकटेच मांडी घालून बसून राहिले. मागे त्यांचा जासूद भीमण्णा उभा होता.

थोड्या वेळाने कोन्हेरपंत आले आणि घरच्यासारखे शेजारी टेकले. "पंत, आपण दोघेही लेखणीचे धनी. तुमच्यापाशी आडपडदा कशाला? सातवे कलम तुमच्या बंदूकचींचे आहे."

"त्यांनी काय गुन्हा केला?"

"गुन्हा? छे छे. त्यांच्यासारखा नेम या मुलखात कोणाचा नाही. ती चारशे घरे आमच्याकडे आली तर नवाबसाहेबांना झोप यायची नाही, आणि त्यांच्याकडे गेली तर आम्हांला. चार दिवस यावर खल झाला. दोनशे-दोनशे वाटून घेण्याचेही निघाले होते, पण भाऊबंद एकमेकांवर बंदूक धरायचे नाहीत. तेव्हा ती कोणाकडेच नसावीत, यावर उभयतांचे एकमत झाले. बायकापोरांसुद्धा. पोरे उद्या मोठी होतात."

पंत त्यांच्याकडे वळले. "ही माणसे तुमच्यासाठी आठ महिने मेली, कोन्हेरपंत."

"म्हणून तर समाधीचे कलम घातले." कोन्हेरपंतांनी आवाज खाली घेतला. "तुमच्या शिक्क्यावाचून अडत नाही, पण तो असला तर शोभेल. उद्या पुण्याहून, हैदराबादेहून कोणी विचारले तर म्हणता येईल की, हरणकोंडेकरांच्या संमतीने झाले. शिक्का द्या, आणि काय हवे ते मागा. तुमचे कुटुंब आधी बाहेर काढतो."

"विचार करतो," पंत म्हणाले.

कोन्हेरपंत गेले तसे पंतांनी फराळाच्या केळ्यांचे निमित्त करून भीमण्णाला वाकायला सांगितले. हरणकोंडा बारा कोस. आत्ता निघाला तर दिवस मावळता पोहोचेल. "किल्लेदार हणमंतप्पांना सांग, पेठ सोडा. घाट उतरून पश्चिमेला जा. मी इथे विडा घेत नाही तोवर फौज हलत नाही."

भीमण्णा घुटमळला. "पंत, शिक्का?"

तिथेच घोडे पेंड खात होते. पाळेगाराने दोनदा खोटे निरोप पाठवून गडाचे दरवाजे उघडवायचा प्रयत्न केला होता, आणि तेव्हा पंतांनीच किल्लेदाराला बजावले होते की, माझ्या शिक्क्यावाचून माझ्या सख्ख्या भावाचाही निरोप खरा मानू नका. आता तो शिक्का चार हातांवर तबकात होता आणि तबकाशी दोन भालदार होते. "जा," पंत म्हणाले. "माझी आण घाल. रड, पाय धर. जा."

द्वादशीला सकाळी सदर पुन्हा भरली आणि तबक पुन्हा पुढे आले. आज एकादशी नव्हती. पंतांनी हात मांडीवरून हलवलेच नाहीत. सरलष्करांचा चेहरा लाल झाला. "वकील, ही काय मस्करी आहे?"

"महाराज, मृत धन्याच्या घराचा निरोप घ्यायचा आहे. हात उठत नाही."

"उठवायला लावू?"

"बळजबरीचा विडा तो निरोप नव्हे, महाराज. आपण बेलभंडार उचलला आहे."

सरलष्करांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले आणि ते तरातरा निघून गेले. कोन्हेरपंत रागावले नाहीत. राग ही मालकांची चैन होती. शामियान्याचे कापड उन्हाने विटते आहे असे सांगून त्यांनी ते उतरवून घेतले. वैशाखाचे ऊन, डोक्यावर छप्पर नाही, पोटात एकादशीपासून अन्न नाही. दिवस डोक्यावर आला तेव्हा पंतांचे ओठ फुटून रक्त आले होते. एक भालदार पाणी घेऊन आला, त्याला कोन्हेरपंतांनी हाताने थांबवले.

आणि तेवढ्यात भीमण्णा आला. चोवीस कोस पळून त्याच्या पायांच्या चिंध्या झाल्या होत्या. केळ्यांची फणी पुढे ठेवून तो वाकला. "पंत, किल्लेदार ऐकंना. म्हनतो शिक्का आण. पेठेत तोरनं बांधत्यात, दोस्तांची फौज यायची म्हनून. मी गळा काढून रडलो, तर मलाच पाळेगाराचा हेर म्हनाले."

पंतांनी डोळे मिटले. सत्य सांगून माणसे वाचत नव्हती, ती वाचवायला पंतांचीच जुनी अक्कल आडवी आली होती. डोळे उघडले तेव्हा त्यांनी ठरवले होते. शिक्का हातात यायला एकच वाट होती, आणि त्या वाटेने गेलेल्या माणसाचे नाव पुन्हा कोणी घेणार नव्हते.

"कोन्हेरपंत," त्यांनी कोरड्या घशाने हाक मारली, "ऊन सोसवत नाही. यादी आणा. सातव्या कलमासह मोर्तब करतो."

कोन्हेरपंत जवळ आले, पण त्यांच्या डोळ्यांत संशय होता. फुकट विकला जाणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. पंतांनी ते ओळखले. "मला कुरुंदवाडीचा गाव इनाम हवा. वंशपरंपरा. सनद आत्ता, याच जागी."

कोन्हेरपंतांचा चेहरा खुलला. "एवढेच ना! आणि विडा?"

"विडा उद्या सूर्योदयी, अंघोळ करून घेईन. आज या तोंडाने नको."

"जशी मर्जी. एका रात्रीने काय होते?"

सनद लिहिली गेली, तारखेसह वाचली गेली. मग यादी पुढे आली. पंतांनी सातवे कलम अक्षर न अक्षर वाचले. त्यात बायका, मुले, म्हातारे असे वेगवेगळे नमूद केले होते. त्यांनी शिक्का शाईत बुडवला, कलमाखाली दाबला, आणि तोच ओला शिक्का हात सुटल्यासारखा मांडीवर, उपरण्याच्या पदरावर आपटला. वर हरणाची आकृती, खाली गिरमाजी व्यंकटेश. पदरावर ठसा स्वच्छ उठला.

"हात थरथरतो आहे, पंत," कोन्हेरपंत हसून म्हणाले.

"सवय नाही अशा कामाची." पंतांनी उपरणे काढून भीमण्णाकडे फेकले. "डाग पडला. नदीवर जाऊन धुऊन आण."

भीमण्णाने उपरणे काखेत मारले. पंतांकडे त्याने एकदाच पाहिले आणि तो नदीच्या दिशेने लंगडत निघाला. नदी लागली तरी तो थांबला नाही.

त्रयोदशीला सूर्य उगवताच गिरमाजीपंतांनी स्नान केले, सदरेला येऊन मुजरा केला, आणि निरोपाचा विडा तोंडात घातला. तो त्यांनी सावकाश चावला. शिंगे वाजली. सहा हजार घोडा उत्तरेला सुटला.

हरणकोंड्याची पेठ रिकामी होती. दारांवर तोरणे तशीच होती, चुलींतली राख गार होती. घाटाच्या तोंडाशी मात्र किल्लेदार हणमंतप्पा आणि साठ बंदूकची दगडांआड बसले होते, आणि त्यांच्यात पायांना फडकी बांधलेला भीमण्णा होता. त्यांनी तिसऱ्या प्रहरापर्यंत घाट अडवला. एकही जिवंत राहिला नाही. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालवले नव्हते ते देवळात सापडले. फौजेने त्यांनाही सोडले नाही, आणि तहाप्रमाणे मुंडकी दोन्ही सरकारांत निम्मीनिम्मी वाटली.

हणमंतप्पाच्या कमरेला एक उपरणे बांधलेले सापडले. कोन्हेरपंतांनी ते उलगडून पदरावरचा ठसा पाहिला आणि उपरणे सरलष्करांपुढे ठेवले.

"हत्तीच्या पायी द्या त्या बामणाला!" सरलष्कर ओरडले.

"नको महाराज," कोन्हेरपंत शांतपणे म्हणाले. "मेला तर तो त्यांचा देव होईल. आपण त्याला इनाम देऊ."

तसेच झाले. पंतांना हत्तीवरून मिरवत कुरुंदवाडीला नेले, मानाची वस्त्रे दिली. आणि घाटाखालच्या प्रत्येक बाजारात, निसटलेली माणसे जिथे जिथे गेली होती तिथे तिथे, दवंडी पिटली गेली की सातव्या कलमावर वकील गिरमाजी व्यंकटेश यांचे मोर्तब आहे आणि त्याबद्दल द्वादशीच्याच तारखेने त्यांना गाव दिला आहे. यादीची आणि सनदेची नक्कल चावडीवर टांगली. खरे काय ते भीमण्णाला ठाऊक होते आणि तो घाटात पडला होता. माणसांनी आपल्यापुरता अर्थ लावला: आधी विकले, मग भ्याला, म्हणून निरोप धाडला. मला त्या माणसांचा राग येत नाही. ज्यांचे म्हातारे आईबाप देवळात कापले गेले, त्यांनी आणखी काय समजायचे? राग येतो तो कोन्हेरपंतांचा, आणि तो शंभर वर्षे उलटली तरी येईल.

पहारा सैल पडायला वर्ष लागले. मग एके दिवशी गिरमाजीपंत अंगावरच्या धोतरानिशी कुरुंदवाडीतून निघाले आणि घाट उतरून हरणकोंडेकरांच्या नव्या वस्तीत आले. माणसे कुडाच्या भिंती लिंपीत होती, पोरे शेळ्या हाकत होती. त्यांना पाहून कामे थांबली. कोणी दगड उचलला नाही, कोणी वाटही अडवली नाही. शेवटच्या झोपडीच्या दारात कृष्णक्का उभी होती. तिचे कपाळ पांढरे होते आणि हातांत बांगड्या नव्हत्या.

पंत उंबऱ्यापाशी थांबले. सांगायचे म्हणून ते बारा महिने शब्द जुळवत आले होते. त्यांनी तोंड उघडले.

"कुणाकडं आलात?" कृष्णक्का म्हणाली.

"मी..."

"या घरातला बाप्या हरणकोंड्याला मेला. पेठेबरोबरच मेला. दुसरं कुणी नाही इथं."

पंतांनी वस्तीकडे पाहिले. धूर निघणारी छपरे दूरवर ओढ्यापर्यंत गेली होती. "किती घरे पार झाली?" त्यांनी विचारले.

तिला त्या प्रश्नाचे नवल वाटले असावे. "तीनशे चाळीस," ती म्हणाली.

पंतांनी तिला हात जोडले, तोंड फिरवले आणि आले त्याच वाटेने ते भर दुपारी घाट चढू लागले. त्यांना पाणी कोणी विचारले नाही.